सरळ बाजू खाली

नावेत बसलो तेव्हा पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं ते दिसत नव्हतं. धुकं सगळीकडे सारखं पसरलं होतं आणि त्यात ते बेट टांगल्यासारखं होतं. वर बुरूज, खाली काहीच नाही. चाळीस वर्षांनी पाहत होतो. बेट जवळ येतंय की आपण डुलकीत त्याच्याकडे घरंगळतोय, काही कळेना.

"पिशवीत दगड भरलेस काय रे?" मुकादमाने पायाने माझी पिशवी सरकवली.

"टॉवेल आहे."

"टॉवेल वाजतो?"

सुतार हसला. हसताना त्याने तोंडावर हात धरला. नवी कवळी एकदा ताटात पडल्यापासून तो असाच जपून हसतो.

टॉवेलात छिन्नी आणि हातोडी होती. त्या दोघांसाठी ही सहल होती, उकडलेली अंडी, पाव आणि गप्पा. माझं काम वेगळं होतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तरुणपणी आम्ही चौघे दोन वर्षं या बेटावर राहिलो. जुन्या किल्ल्याची पडलेली भिंत पुन्हा उभी करायची होती. मुकादम तेव्हाही मुकादमच, सुतार परांची बांधायचा, मी दगड घडवून बसवायचो. चौथा पाणक्या. त्याला खरं नाव होतं, पण त्या नावाने हाक मारली तर तो स्वतःच मागे वळून बघायचा नाही. टाक्यातलं पाणी शेंदून तो उन्हातून प्रत्येकापर्यंत न्यायचा, आणि माणूस खाली बसल्याशिवाय हातात भांडं द्यायचा नाही. "बसा, पाणी प्या," म्हणायचा. मुकादमालासुद्धा बसवायचा.

दुसऱ्या वर्षी तो तापाने गेला. तीन दिवस वारा होता आणि नाव येऊ शकली नाही. टाक्याच्या भिंतीत त्याच्या नावाचा दगड बसवायचा असं आम्ही ठरवलं. आमच्यात वाचता येणारा एकटा मुकादम. त्याने कागदावर दोन ओळी लिहून दिल्या. वर 'पाणक्या', खाली 'बसा, पाणी प्या'. चित्र काढावं तशी मी ती अक्षरं दगडावर उतरवली, कोरली आणि दगड चुन्यात बसवला.

सत्तरी आली तेव्हा सुनेने मला अक्षरं शिकवायला घेतली. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "बाबा, अक्षरं रेघेवर उभी नाही करायची. रेघेला टांगायची. दोरीवर कपडे वाळत घालतो ना, तशी."

माझ्या हातातली पेन्सिल थांबली. दगडाची सरळ बाजू खाली, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. दगड बसवताना मी ती सरळ रेघ पाहून तीच बाजू खाली घेतली असावी, आणि डोळ्यांसमोर जो दगड येत होता त्यात अक्षरं रेघेवर उभी होती, फळीवरच्या भांड्यांसारखी.

पण आठवणीचा काय भरवसा? शिवाय मुकादमाने तो दगड त्याच दिवशी पाहिला होता. ओळंबा बोटभर सुटला तर अख्खी भिंत पाडायला लावणारा माणूस. दगड उलटा असता तर तो गप्प बसला असता? या एका आशेवर मी वर्ष काढलं. त्याला विचारायला मात्र तोंड होईना. उलटा असेल, तर चाळीस वर्षं लोक माझ्या मित्राच्या नावाला हसत असतील.

बेटावर धुकं विरलं होतं. गुडघाभर गवतातून आम्ही सावकाश चाललो. आमची खोपटी होती तिथे आता पिवळी फुलं होती. एकदा तर मला पाण्याचं भांडं वाजल्याचा भास झाला. सुतारही थांबला.

टाकं तसंच होतं, थंड, हिरवं. आणि दगड उलटा होता.

मी मुकादमाकडे पाहिलं. तो पाण्याकडे बघत होता.

"तुला वाचता येत होतं," मी म्हणालो.

"येत होतं."

"मग?"

"दगड बसवून तू त्यावर हात ठेवून उभा होतास. अर्धा तास तरी. त्या हाताला 'काढ' म्हणायला माझी जीभ रेटेना. म्हटलं, उद्या सांगू. उद्या चुना धरला."

"मला वाटायचं तशीच नक्षी आहे," सुतार म्हणाला.

मी टॉवेल उलगडला. मुकादमाने छिन्नी पाहिली आणि मान हलवली. "काढायचा तर काढू. चूक माझीही आहे."

तेवढ्यात एक जाडजूड बाई पायऱ्या चढून आल्या. घामाघूम झाल्या होत्या. त्यांनी दगड पाहिला, मान डावीकडे वाकवली, मग उजवीकडे. जमेना, तेव्हा टाक्याच्या कठड्यावर बसल्या आणि डोकं पार गुडघ्यांपर्यंत नेलं.

"पा... पाणक्या. ब... बसा, पाणी प्या." त्या मोठ्याने हसल्या. "बसलेच की रे बाबा!" आणि पिशवीतून बाटली काढून घटाघटा प्यायल्या.

मागून त्यांचे यजमान आले. "काय लिहिलंय गं?"

"उभ्यानं नाही कळायचं. इथे बसा आधी."

ते बसले. दोघांची डोकी खाली, पाठी वर. बाटली या हातातून त्या हातात गेली.

ती दोघं गेल्यावर मी छिन्नीच्या टोकाने अक्षरांतलं शेवाळ काढलं. एकेक काना मोकळा केला. मग कठड्यावर बसलो, डोकं खाली घातलं आणि वाचलं. मला वाचायला वेळ लागतो, ओठ हलतात. मुकादम घाई कर म्हणाला नाही. वाचून झाल्यावर मी छिन्नी पुन्हा टॉवेलात गुंडाळली.

परतताना पाणी काचेसारखं होतं. बेट त्यात डोक्यावर उभं होतं आणि तिथे बरं दिसत होतं. मला डुलकी लागत होती. सुतार नावेत उभा राहून तोंडाला बाटली लावणार, तेवढ्यात मुकादमाने त्याचा सदरा ओढला.

"बस आधी."

सुतार बसला. मग प्यायला.