शेरा क्रमांक सात

गुरुनाथने लाल पेनाने सातवा शेरा लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली. 'ताशी हजार किलोमीटर वेगाने येऊन झेललं, तर माणूस वाचणार नाही. हातांवर आपटला काय नि जमिनीवर आपटला काय, सारखंच.'

समोर बसलेल्या अकरा वर्षांच्या योगिनीचा चेहरा उतरला. त्यांच्या क्लोनडॉकिन गावातल्या जुन्या गोल मनोऱ्यावरून पडणाऱ्या माणसाला तिच्या कॉमिकमधल्या सुपरहिरोइनने, झपाटीने, नुकतंच झेललं होतं, तेही एका हाताने. शनिवारी लायब्ररीच्या स्पर्धेत कॉमिक द्यायचं होतं.

"इट्स अ कॉमिक, बाबा. तो वाचतो."

"झपाटीचा वेग मान्य. पण एकदा तो दिलास की त्याचा धक्काही बसणारच ना?"

योगिनीने पानं गोळा केली आणि स्वयंपाकघरातल्या कपाटात अगदी वर ठेवली.

"आता तुला नाही दाखवणार."

"गुरू, ती काय स्टेंट आहे का?" पोळी लाटता लाटता वीणा नवऱ्याला म्हणाली.

हृदयात बसवायच्या स्टेंटची कागदपत्रं दिवसभर तपासणाऱ्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय? पण गेली दोन वर्षं लेकीचं प्रत्येक पान सगळ्यांत आधी त्याच्यापुढे यायचं. तीन दिवस एकही आलं नाही आणि त्याला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

चौथ्या दिवशी त्याने तिला मागच्या अंगणात बोलावलं. एक अंडं वर उडवलं आणि हात त्याच्याबरोबर खाली नेत अलगद झेललं. जरा शेखी मिरवत दुसरं उडवलं, ते शर्टावर फुटलं. योगिनीला हसू आवरेना.

"मला एवढंच म्हणायचं होतं," शर्ट पुसत तो म्हणाला.

शुक्रवारी संध्याकाळी नवं पान त्याच्या ताटाशेजारी आलं. झपाटी आता त्या माणसाचा हात धरून त्याच्याबरोबरच खाली येत होती, हळूहळू वेग कमी करत. माणसाला मिशी होती, चष्मा होता आणि शर्टावर पिवळा डाग. कोपऱ्यात रिकामी चौकट होती, 'तपासणारा' अशी.

गुरुनाथने लाल पेन उघडलं. त्याला राहवेना.

"इतक्या वेगात चष्मा उडून जायला हवा, नाही का?"

"आय नो," योगिनी म्हणाली. "पण मग त्याला दिसणार कसं, हात कोणी धरलाय ते?"

गुरुनाथने चष्मा काढून पुसला, परत लावला आणि चौकटीत सही केली.