पट्ट्याखालचं लिंबू

बाबा गेल्यावर देवयानीने त्यांनी हौसेने घेतलेली, लोखंडी पट्ट्यांवर चालणारी जुनी चिलखती गाडी विकायला काढली. केंब्रिजबाहेरच्या शेडमध्ये बाबा आणि त्यांचा मित्र कॉलिन दर रविवारी ती दुरुस्त करत. आज दुपारी गिऱ्हाईक येणार होतं.

इंजिन सुरू करण्याआधी कॉलिनने खिशातून लिंबू काढून गाडीच्या पट्ट्याखाली ठेवलं.

"अहो काका, लिंबू फक्त नव्या गाडीला ठेवतात. एकदाच!" देवयानी म्हणाली.

"एकदाच? तुझा बाबा विनय तर दर रविवारी ठेवायला लावायचा! म्हणायचा, दुरुस्त झाली की नवीच."

देवयानीला बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच हसू आलं. गाडी धडधडत हातभर पुढे सरकली. डिझेलच्या धुरातही लिंबाचा वास आला.

"नव्या मालकाला लिंबाचं सांगावं लागेल," कॉलिन म्हणाला.

देवयानीने डोळे पुसले. "नको. त्याला येऊ नका म्हणून कळवते. रविवारी लिंबं मी आणीन."