न लागलेला ठोसा

मी तोंडाची फटकळ आहे, हे आख्ख्या इतोमान गावाला ठाऊक आहे. पहाटे टोफू करते, संध्याकाळी दुकानामागच्या खोलीत पोरापोरींना कराटे शिकवते, आणि दोन्ही वेळा माझा आवाज रस्त्यापर्यंत जातो. म्हणून त्या दुपारी स्पर्धेहून परतताना गाडीत मी गप्प बसले, तेव्हा माझ्या लेकीने घाबरायला हवं होतं. पण मिसुझू खिडकीची काच खाली करून मजेत वारा खात बसली होती, गळ्यात पदक.

"आई, जमलं ना?" ती म्हणाली. "तू म्हणालीस तस्संच केलं."

मी काय म्हणाले होते, ते आधी सांगते.

मागच्या महिन्यात नाहा शहरात नव्या नियमांची स्पर्धा होती. तिथे हातात मोजे असतात, गुणांवर गुण मोजतात, आणि चेहऱ्याला हलका हात लागला तरी चालतो. हलका म्हणजे किती, ते पंचांच्या मर्जीवर. मिसुझूच्या नाकावर समोरच्या पोरीने असा दणका दिला की माझ्या खुर्चीपर्यंत आवाज आला. आणि ही माझी बाई ताठ उभी! डोळ्यांतून पाणी वाहतंय, पण चेहरा ढिम्म. उभी आहे म्हणजे फार लागलं नसेल, असं समजून पंचांनी त्या पोरीलाच गुण दिला. त्याच गुणावर आम्ही हरलो.

घरी येईपर्यंत मी मिसुझूची सालटी काढली. "खांबासारखी उभी काय राहतेस? लागलं तर बस ना खाली! पंच काय तुझ्या नाकात शिरून बघणार आहेत?" वर आणखी सांगितलं, "पुढची स्पर्धा जुन्या नियमांच्या मंडळाची आहे. तिथे तोंडाला नुसता हात लागला तरी मारणारी बाद होते. लक्षात ठेव." तिने ते लक्षात ठेवलं.

जुन्या मंडळाचा सगळा कारभारच वेगळा. तिथे ठोसा सगळ्या ताकदीनिशी यायला हवा आणि कातडीच्या अलीकडे थांबायला हवा, मध्ये कागद सरकेल एवढीच जागा ठेवून. असा एक स्वच्छ ठोसा बसला, म्हणजे न बसला, की लढत संपली. मी वर्षानुवर्षं या लोकांची टर उडवत आले. "हवेत मारायचं आणि बक्षीस मागायचं, छान आहे बुवा!" तरी यंदा गेलो, कारण क्यूशूच्या मोठ्या स्पर्धेला आमच्या भागातून एकच मुलगी जाणार होती आणि ती इथूनच निवडायची होती. क्यूशूला विद्यापीठांची माणसं येतात, चांगलं खेळणाऱ्या पोरी हेरून प्रवेश देतात. मिसुझूला जन्मभर टोफू करायचा नाहीये, आणि तिला तो करायला लागू नये असं मलाही वाटतं.

शेवटची लढत योनाबारू गावच्या हारुनाशी होती. सडपातळ, शांत पोरगी, म्हाताऱ्या तोकाशिकी सेन्सेईंची, म्हणजे गुरुजींची, शिष्या. सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल, तिचा उजवा हात आला. मिसुझूला तो दिसलासुद्धा नाही. मी बाजूला अगदी जवळ बसले होते. मूठ आली आणि वरच्या ओठाच्या अलीकडे थांबली. मध्ये उजेडाची फट मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. काय सुंदर थांबली होती! आपण हरलो हे कळूनसुद्धा माझ्या तोंडून 'वा' निघणार होतं.

तेवढ्यात मिसुझूने मान मागे झटकली, तोंडावर हात धरला आणि खाली बसली.

हात काढला तर ओठावर रक्त. एका पंचाने हातांतली दोन्ही निशाणं डोळ्यांसमोर आडवी धरली, 'मला दिसलं नाही' अशी खूण. मुख्य पंच मिसुझूच्या पाठीमागे होते. डॉक्टरांनी रक्त पाहिलं, हो म्हणून मान डोलावली. हारुना रिवाजाप्रमाणे सगळ्यांकडे पाठ करून गुडघ्यांवर बसली होती, निकाल ऐकायला. हात आवरता आला नाही म्हणून तिला बाद केलं. मला उठून बोलता आलं असतं. माझ्यासारखी बाई, जी भाजीवाल्याशी मुळ्यावरून भांडते, ती बसून राहिली. मग मी जाऊन लेकीच्या गळ्यातलं पदक नीट केलं.

वाटेत तिला नूडल्स खाऊ घातल्या. दोन वाट्या संपवल्या तिने, गरम रस्सा सुरसुर पीत. ओठ दुखल्याचं नाव नाही.

संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. बघते तर तोकाशिकी सेन्सेई. एवढ्या उकाड्यात काळा कोट घातलेला, हातात कापडात बांधलेला मिठाईचा डबा. मागे हारुना, शाळेच्या गणवेशात. ते माफी मागायला येणार, हे मला कळायला हवं होतं. कुणाच्या मुलीला आपल्या मुलीचा हात लागला तर त्याच दिवशी घरी जातात, मीही गेले असते. पण दिवसभर मी फक्त पदकाचा विचार करत होते.

"आत या, आत या," मी म्हणाले. दोघं चटईवर बसली आणि कपाळ टेकवून वाकली. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, त्याचं टक्कल माझ्या गुडघ्यांपाशी. धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

"आमच्या मुलीने हात थांबवला नाही," सेन्सेई म्हणाले. "दोष तिचा नाही, शिकवणाऱ्याचा आहे. क्षमा असावी. जखम कशी आहे?"

"बरी आहे," मी पुटपुटले.

हारुनाने डोकं वर केलं. "काकू, लागल्याचं मला कळलंच नाही. हाताला काहीच जाणवलं नाही. ज्या हाताला लागलेलं कळत नाही, तो कुणासमोर उचलायचा नाही, असं मी ठरवलंय. यापुढे मी लढणार नाही."

"काहीतरीच काय बोलतेस!"

"तिचं तिने ठरवलंय," सेन्सेई म्हणाले. "मी अडवलं नाही. मला अडवता येईना."

आता मात्र माझ्याच्याने राहवेना. "अगं बाई, तुझा हात लागलाच नव्हता! थांबला होता. मी बघितलं ना!"

वाटलं, सुटले. कसलं काय! हारुना आणखी खाली वाकली. "तुम्ही फार मोठ्या मनाच्या आहात," ती म्हणाली. म्हाताऱ्याने रुमाल काढून डोळे टिपले. "स्वतःच्या मुलीला लागलेलं असताना आमचं मन राखताय. हे उपकार विसरणार नाही."

"मी मन राखत नाहीये!" मी ओरडले. "जन्मात कधी कुणाचं मन राखलं नाही, विचारा गल्लीत जाऊन! मिसुझू! खाली ये आधी!"

ती जिना उतरून आली. ओठावर ही एवढी पांढरी पट्टी! नूडल्स खाताना नव्हती. बोलणं वरून ऐकून चिकटवली होती पोरीने. माझ्या पोटच्या पोरीने. मी ती पट्टी ओढून काढली, खालचा ओठ बाहेर वळवला आणि त्यांना दाखवला. आतल्या बाजूने तिच्या स्वतःच्या दातांची खूण होती.

"सांग," मी म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "मीच चावला. आई म्हणाली होती खाली बस म्हणून."

"लागलं तर, म्हटलं होतं!"

"मग पदक नीट करताना का नाही ओरडलीस? तू तर अगदी जवळ बसली होतीस."

लाज काय असते ते मला तोवर माहीत नव्हतं, असं आता वाटतं. कानशिलं तापली, आणि परक्या माणसांसमोर मला माझ्याच घरातून उठून जावंसं वाटलं.

मी कपाळ चटईला टेकवलं. मिसुझूलाही खाली ओढलं. "उद्या सकाळी आम्ही दोघी मंडळाच्या कचेरीत जातो. सगळं सांगतो. क्यूशूची जागा हारुनाची आहे."

म्हातारा ओरडला नाही. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "हारुना, ऐकलंस ना?"

"हो." पण ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. "खरंच थांबला होता?"

तिचा अजून विश्वास बसत नव्हता. मी उठून तिच्यासमोर उभी राहिले. "मार मला. तोंडावर, पूर्ण जोराने. मी हलणार नाही. तूच बघ थांबतो की नाही ते."

तिने सेन्सेईंकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. ती उठली, पाय रोवले आणि हात टाकला. वेग तोच, दुपारचाच. पण मूठ थांबली ती माझ्या नाकापासून हातभर लांब.

"जवळ ये," मी म्हणाले. "दुपारी आली होतीस तशी."

तिने पुन्हा टाकला. तेवढ्यावरच थांबला.

"अगं, आणखी जवळ! कागदाएवढी जागा ठेव, तुला येतं ते!"

तिच्या कपाळावर घाम आला होता. ओठ घट्ट मिटून तिने पुन्हा हात टाकला, आणि आताही तो तिथेच हवेत थांबला. सेन्सेईंनी तोंड अंगणाकडे फिरवलं. माझ्यामागे मिसुझू रडायला लागली होती.

मी एक पाऊल पुढे सरकले. हारुनाने मूठ तेवढीच मागे घेतली.