हे धर जरा

प्रकाशकांच्या खोलीत खुर्च्या होत्या, पण तिच्या पायांना भिंगरी लागली होती. खिडकीपाशी जायचं, कपाटापाशी यायचं, परत खिडकी. टेबलावर तिच्या कादंबरीचा गठ्ठा छपाईला तयार होता. एकच पान बाजूला काढून ठेवलेलं होतं, आणि गाडी तिथंच अडली होती.

"तेवढं पान वगळ," प्रकाशक पुन्हा म्हणाले. "बाकी पुस्तकाला मी बोट लावत नाही."

पान घड्याळाचं होतं. लिहिताना तिनं नवऱ्याचं सगळं बदललं होतं. हुद्दा, चेहरा, घर, अगदी कुत्र्याची जातसुद्धा. घड्याळ तेवढं बदलता येईना. बदललं की सगळी कादंबरीच लटकी वाटायची. कादंबरीतला नवरा हात उगारण्याआधी मनगटावरचं घड्याळ काढतो, बायकोला देतो आणि म्हणतो, "हे धर जरा." घड्याळ महागाचं, त्याला धक्का लागायला नको. बायको ते मुठीत सांभाळत मार खाते.

तिच्या खऱ्या नवऱ्याला, साहेबांना, शहरात कोण ओळखत नव्हतं? पोलिसांतले वरिष्ठ त्यांच्या पंगतीला, डॉक्टर त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. ती तक्रार द्यायला गेली, तेव्हा ठाण्यातून तिला घरी न्यायला साहेबांचीच गाडी आली होती. आई म्हणाली होती, "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाळा." त्या मुठीत काय असायचं, हे आईला सांगायची तिची कधी हिंमत झाली नाही. शेवटी एका दुपारी ती नेसत्या कपड्यांनिशी निघून आली.

"काका, घड्याळाचं फक्त मला माहीत आहे. कोण ओळखणार?"

"ते स्वतः ओळखतील ना! छापखान्याची ही जागा त्यांच्या मेहेरबानीवर आहे. पाण्यात राहून माशाशी वैर कसं करू?"

कोपऱ्यात मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी मान वर न करता म्हटलं, "ते पान काढलंत तर उरतं काय? नवरा-बायकोची कुरबूर."

तेवढ्यात दार उघडलं आणि साहेबच आत आले. ती कपाटाला टेकून उभी राहिली.

"बसा, बसा," साहेब म्हणाले, जणू घर त्यांचंच. मग तिच्याकडे वळून, "गोष्टी लिहायला लागलीस म्हणे? छान. मी काही वाचलेलं नाही हं." आणि प्रकाशकांना, "पण छापू नका."

वाचलेलं नाही, तरी छापायचं नाही. चोराच्या मनात चांदणं ते हेच.

"छापलं जाणार," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिचा तिलाच राग आला. म्हणून ती पुन्हा म्हणाली, मोठ्यानं. "पुस्तक छापलं जाणार."

साहेबांचं हसू जागच्या जागी राहिलं. कान तेवढे लाल झाले. ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले. उजवा हात डाव्या मनगटाकडे गेला, पट्टा सुटला, आणि रोजच्यासारख्या शांत आवाजात ते म्हणाले,

"हे धर जरा."

प्रकाशक अर्धवट उठले ते तसेच राहिले. बाईंच्या हातातलं लाल पेन टेबलावर पडलं. तिनं खाली पाहिलं, तर तिचा स्वतःचा हात पुढे झालेला, तळवा वर. तिला भयंकर लाज वाटली. त्याहून भयंकर संताप आला.

तिनं हात मागे घेतला.

घड्याळ फरशीवर आपटलं आणि काच तडकली. साहेब चमकून इकडेतिकडे पाहू लागले. ही माणसं आपल्याकडे न बघता घड्याळाकडे का बघताहेत, हे काही त्यांना उमगेना. ते पान त्यांनी वाचलेलं नव्हतं.

"साहेब, घड्याळ उचला," प्रकाशक म्हणाले. "आम्हाला कामं आहेत."

मग त्यांनी बाजूला काढलेलं पान घेतलं आणि गठ्ठ्यात जिथलं तिथं सरकवलं.