पेटीतला आवाज

“मॅडम, कॉम्प्युटरच्या आत काय काय बसवलंय, ते आधी सांगा,” बोलका आवाज बनवणाऱ्या कंपनीचा माणूस फोनवर पुन्हा म्हणाला.

शिलाईकाकूंना कापडाचा पोत बोटांनी कळायचा, पण टेबलाखालच्या त्या पेटीच्या पोटात काय आहे, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. पेटीवरची माहितीची चिठ्ठी पुसून पुसून केव्हाच कोरी झाली होती. बघून सांगते म्हणत त्यांनी फोन ठेवला. त्यांचे यजमान, काका, खुर्चीतून त्यांच्याकडेच बघत होते.

काकांचा उभा जन्म बसस्थानकात, चौकशीच्या खिडकीत बोलण्यात गेला होता. अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली, उजवा हातही गेला. तेव्हा नणंदेने हा जुना कॉम्प्युटर आणून दिला. काका डाव्या हाताच्या एका बोटाने अक्षरं दाबायचे आणि पेटीतला आवाज ती बोलून दाखवायचा. आवाज तसा सपाट. पण त्याच आवाजात काका भांडायचे, गिऱ्हाइकांची फिरकी घ्यायचे. एका बाईंना तर त्यांनी कमरेचं माप खरं सांगा म्हणून दटावलं होतं. या फोनच्या आदल्या आठवड्यात कॉम्प्युटरने आपणहून काहीतरी नवं अपडेट भरून घेतलं आणि आवाज गेला तो गेलाच.

वाचनालयातल्या ताई म्हणाल्या, आतली माहिती दाखवणारी साधनं फुकट मिळतात. काकूंनी पहिलं उतरवलं ते भलतंच निघालं. जाहिरातींनी पडदा भरला, धोक्याची घंटा वाजायला लागली, वर पैशांची मागणी. काकूंनी घाबरून वायरच उपसली. दुसऱ्या दिवशी ताई स्वतः आल्या. त्यांनी ते झेंगट काढून टाकलं आणि दुसरं, लहानसं साधन ते बनवणाऱ्यांच्याच साइटवरून घेतलं. त्याने काही मागितलं नाही, काही विचारलं नाही. बोर्ड कुणाचा, प्रोसेसर कोणता, मेमरी किती, सगळं पडद्यावर आलं. काकांनी अंगठा वर केला. आता काम झालंच, असं काकूंना वाटलं.

त्यांनी फोनवर एकेक अक्षर वाचून दाखवलं. पलीकडच्या माणसाने ते यादीशी ताडून पाहिलं.

“नव्या आवाजाला हा प्रोसेसर पुरत नाही, मॅडम.”

“मग जुनाच परत द्या.”

“तो बंद झाला. आमच्याकडेही नाही आता.”

नव्या कॉम्प्युटरचं नाव काढावं अशी घरची परिस्थिती नव्हती. ताईंनी फुकटचे आवाजही शोधून पाहिले. एक कसाबसा बसला, पण तो प्रत्येक शब्दाला ठेचकाळायचा. दोन वाक्यं ऐकून काकांनीच हात हलवून बंद करायला लावला.

ताई गेल्यावर काकूंनी खुर्ची ओढली.

“अहो, तुम्ही लिहा. मी वाचते.”

काका बराच वेळ एकेक अक्षर दाबत राहिले. काकूंनी पडद्यावरचं मोठ्याने वाचलं, “फुकटच्या डॉक्टरने रोग अगदी बरोबर ओळखला. औषध तेवढं संपलं.” शेवटच्या शब्दावर त्यांचा गळा दाटून आला.

काकांनी नकारार्थी मान हलवली. पुन्हा बोट चालू लागलं.

“हा विनोद होता,” काकूंनी वाचलं. त्याच दाटलेल्या आवाजात.

काकांनी हात कीबोर्डवरून उचलला आणि मांडीवर पडलेल्या उजव्या हातावर ठेवला. काकू चष्मा सावरून, पुढच्या शब्दाची वाट बघत पडद्यासमोर बसून राहिल्या.