पाहुण्यांकडची स्क्रीन

अंबडला कोर्टाच्या मागे माझं वधू-वर केंद्र आहे, आणि तिथं येणाऱ्या माणसांना धीर म्हणून नसतो. फोटो दाखवते म्हटलं की आईबाप, मामा, आत्या सगळे टेबलाला वळसा घालून माझ्या मागं उभे राहतात आणि खांद्यावरून लॅपटॉपमध्ये डोकावतात. आता त्या लॅपटॉपात माझे शेरेही असतात. कोण चिकट, कोण खोटारडं, कुठं काय बिनसलं. ते लोकांनी वाचायचे नसतात. म्हणून मी एक जुना मॉनिटर आणला आणि त्याचं तोंड पाहुण्यांकडे करून ठेवला.

शेजारच्या दुकानातल्या मुझफ्फरनं तो जोडून दिला. माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर विंडोज चालेना म्हणून मागच्या महिन्यात त्यानंच त्याऐवजी लिनक्स टाकलं होतं, आणि तेव्हापासून मला माझ्याच फाइली सापडेनाशा झाल्या होत्या. त्यानं सेटिंगमध्ये दोन चौकोन दाखवले. दोन्ही स्क्रीनवर एकच दिसायला नको असेल तर हे चौकोन शेजारीशेजारी ठेवायचे, मग माउसचा बाण उजव्या कडेवरून पलीकडे जातो, म्हणाला. मी मान हलवली. कळलं काहीच नव्हतं, पण पन्नाशीनंतर तीच गोष्ट परत विचारायची लाज वाटते.

"ताई, हे तुमचं, ते त्यांचं. बिलकुल अलग," असं म्हणून तो गेला.

तासाभरात धावड्याचे धर्मराज त्यांच्या मुलीला, आकांक्षाला, घेऊन आले. तीन वर्षांत तिच्यासाठी मी चार स्थळं दाखवली आणि चारही मोडली. दर वेळी मी एकच सांगत आले, मुलाकडच्यांना मुलगी उंच हवी होती. ते साफ खोटं होतं. पण उंचीवरून माझ्याशी भांडायला कोणी येत नाही, म्हणून मला सोयीचं होतं. आज ती पोर टाचांच्या चपला घालून जपून पावलं टाकत आली, तेव्हा पहिल्यांदा मला माझी लाज वाटली.

"मी बोलणं बराबर जमवत आणतो, पण हिची उंचीच आडवी येऊन राह्यली," धर्मराज म्हणाले. आकांक्षा खाली बघत होती.

नवा मुलगा जालन्याचा होता. त्याचा फोटो पलीकडे दाखवायचा आणि आकांक्षाची शेऱ्यांची फाइल माझ्याकडे उघडायची, एवढंच काम होतं. फोटो उजवीकडे ओढला, तो माझ्याकडून नाहीसा झाला. समोर दोघांनी माना हलवल्या, म्हणजे पोचला. मग शेऱ्यांच्या फाइलवर क्लिक केलं. काहीच उघडलं नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच. माउस उजवीकडे नेला तर तोही गायब झाला, डावीकडे जरासा ओढला तरी येईना. लॅपटॉप अडकला की मीच चुकले, काही कळेना. त्या मॉनिटरची नुसती पाठ मला दिसत होती. दिसतंय ना, म्हणून मी विचारलं. आकांक्षा हो म्हणाली, पण तिचा आवाज बदलला होता.

धर्मराज डोळे बारीक करून पुढं वाकले. "फोटो तर झाकला गेला. काय तरी लिव्हलंय. अक्षरं लई बारीक हायेत."

मी खुर्चीतून उठून मान वाकडी करून पाहिलं. शेऱ्यांची फाइल तिकडे उघडली होती, पूर्ण स्क्रीनभर.

'मुलगी हुशार, शांत. चारही मुलांना पसंत. नकार फक्त वडिलांमुळे. एका मुलाची पगाराची स्लिप खरी का, हे विचारायला त्याच्या साहेबाला फोन केला. दुसऱ्याच्या घरी भरल्या ताटावरून उठले. मुलीला तोंड उघडू देत नाहीत. तिला उंचीचं कारण सांगून वेळ मारून नेली.'

फाइल बंद करायला माउस सापडेना. केबल ओढावी म्हटलं, तर मुझफ्फरनं ती दोन स्क्रूंनी आवळून ठेवलेली. मी दिसेल ती बटणं दाबत सुटले.

तेवढ्यात आकांक्षा उठून माझ्या बाजूला आली. आमच्या ऑफिसात दोन स्क्रीन असतात, द्या इकडं, म्हणाली. तिनं सगळं वाचलं होतं, तरी ती सावरून घेतेय असं वाटून माझ्या जिवात जीव आला. मी बाजूला सरकले. तिची माफी मागावी असं फार वाटलं, पण धर्मराज समोर बसलेले.

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. एक बटण दाबून धरलं आणि दुसरं चार-पाच वेळा दाबलं. लॅपटॉपवर काही हललं नाही. समोर धर्मराजांची पुढं आलेली मान मात्र हळूहळू मागं गेली.

"अण्णा," ती म्हणाली, "अक्षरं मोठी केलीत. आता वाचता येतंय ना?"