प्रूफावरची सही

कारकुनाने कागद पुढे सरकवला आणि सहीवर बोट टेकवलं.

“ही तुमचीच ना?”

छापखान्यातल्या कंपोझिटरने कपाळावरचा चष्मा खाली ओढला. सही त्याचीच होती. राज्य बदललं तेव्हा ज्यांना जुन्या सरकारचंच नागरिक राहायचं होतं, त्यांच्यासाठीचा हा अर्ज छपाईसाठी खिळे लावून त्यानेच जुळवला होता. बाकीचे आपोआप नव्या देशाचे. प्रूफ निघालं की रेघा पुरतात का हे बघायला तो स्वतःचं नाव, पत्ता, सही ठोकून द्यायचा. तीस वर्षांची खोड! या खोडीपायी तो मृत्यूच्या दाखल्यावर दोनदा मेला होता आणि परवान्यावर एक कुत्राही पाळून झाला होता. हे प्रूफ मंजुरीसाठी कचेरीत गेलं, आणि तिथे कुणीतरी ते इमानेइतबारे नोंदवून टाकलं.

“साहेब, ते नुसतं प्रूफ होतं हो.”

“शिक्का बसलाय. निवड बदलता येत नाही. आता तुम्ही परदेशी. इथल्या नागरिकाने हमी दिली तर राहाल, नाहीतर महिनाअखेरची बोट.”

कंपोझिटरच्या तोंडचं पाणी पळालं. सासुरवाडीपलीकडचं जग न पाहिलेल्या माणसाला समुद्रापार धाडायला निघाले होते.

शेजारी बसलेल्या बायकोने कसलाच अर्ज भरला नव्हता, त्यामुळे ती नव्या देशाची झाली होती.

“द्या इकडे,” ती म्हणाली. “पदरी पडलं, पवित्र झालं.”

हमीचा अर्जही त्याच्याच हातचा. ‘परदेशी व्यक्तीशी नातं’ पुढे तिने ‘नवरा’ लिहिलं आणि ती गालातल्या गालात हसली. मग ‘किती काळ राहू द्यावं’ या रेघेशी थबकली. कंपोझिटरचा जीव टांगणीला लागला. किती प्रेम होतं त्याचं या बाईवर, आणि सांगितलं कधी होतं!

ती लिहू लागली. रेघ संपली, समास संपला, तिने कागद उलटला.

“एवढीशी जागा ठेवतात का हो?”

“सगळ्यांना पुरते,” तो पुटपुटला.

“बाई, तिथे नुसता वर्षांचा आकडा लिहितात,” कारकून म्हणाला.

“आमच्या नशिबी किती वर्षं आहेत, तो आकडा मला कुणी सांगितलाय?” तिने मान वर केली नाही.

पंख्याच्या वाऱ्याने कागद फडफडत होता. कंपोझिटरने शाईने काळा झालेला अंगठा त्याच्या कोपऱ्यावर दाबून धरला.